‘त्रास’ हे कारण यादीत नाही

समजा, कायद्याच्या पुस्तकात असं एक कलम आहे : संगणकावरून किंवा मोबाइलवरून घोर आक्षेपार्ह मजकूर पाठवणं, किंवा कुणाला त्रास व्हावा, कुणाची गैरसोय व्हावी म्हणून इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवणं हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. पहिल्या वाचनात यात वावगं काही दिसत नाही. दुसऱ्याला त्रास देऊ नये, एवढंच तर म्हणतंय बिचारं! आता गेल्या महिन्याभरात आपण कुणाकुणाला काय काय लिहिलं ते आठवून पाहा. सोसायटीच्या ग्रुपवर हिशेब मागितला, तेव्हा सेक्रेटरींना थोडा त्रास व्हावा असं मनात नव्हतंच, हे छातीवर हात ठेवून सांगता येईल?

हे कलम खरोखर होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याला २००८च्या दुरुस्तीनं ‘६६अ’ जोडलं गेलं, ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मधल्या साडेपाच वर्षांत व्यंगचित्रकारापासून प्राध्यापकापर्यंत अनेकांवर ते लावलं गेलं. आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिलं ते पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या ‘लाइक’ केल्या, आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. लाइक करणारीलासुद्धा.

तेव्हा चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच वाद रंगला होता : तिनं असं लिहायला हवं होतं का? वेळ कुठली, प्रसंग कुठला, काही पाचपोच? वाद घालायला हरकत नाही. पण घटनेच्या दृष्टीनं तो प्रश्नच दुय्यम आहे. कोर्ट आधी विचारतं ते सरकारला : असा कायदा करायची मुभा तुम्हाला दिली कुणी? पोस्ट शहाणपणाची होती की आगाऊपणाची, हा मुद्दा त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

ही मुभा कुठे लिहिली आहे ते पाहू. राज्यघटनेचा एकोणिसावा अनुच्छेद सुरुवातीलाच सर्व नागरिकांना भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. लगेच खाली, १९(२) मध्ये, त्याला कुंपण घालायची सोय आहे. पण त्या सोयीलाही कुंपण आहे. निर्बंध कायद्यानंच घालायचा, तो वाजवी असला पाहिजे, आणि तो पुढच्या आठांपैकी एखाद्या कारणासाठी असला पाहिजे : भारताची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी.

संपली यादी. नववं कारण नाही, आणि ‘इत्यादी’ही नाही. २०२३च्या जानेवारीत पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं की ही यादी पूर्ण आहे. दुसऱ्या कुठल्या हक्काच्या नावाखालीसुद्धा तिच्यात भर घालता येणार नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. ऑनलाइन बोलण्यावर बंधन घालणारा कुठलाही नवा नियम आला, की आठ कारणांची ही चिठ्ठी काढायची आणि विचारायचं, यातलं कुठलं?

यादी आज आहे तशी पहिल्यापासून नव्हती. तिची गोष्ट मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ नावाच्या एका इंग्रजी साप्ताहिकापासून सुरू होते. मद्रास सरकारनं १९४९च्या आपल्या कायद्याखाली त्या साप्ताहिकाला राज्यात यायला बंदी केली. कारण दिलं सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९५० मध्ये, म्हणजे घटना लागू होऊन चार महिनेच झाले होते, तेव्हा न्यायालयानं सांगितलं की ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण तुमच्या यादीत नाही. राज्याची सुरक्षितता धोक्यात येईल इतकं गंभीर काही असेल तर गोष्ट वेगळी. बंदी गेली. सरकारनं काय केलं? यादीच बदलली. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्री आणि अपराधाला चिथावणी ही तीन कारणं आत आली. सार्वभौमता आणि एकात्मता १९६३ मध्ये आली.

गंमत अशी, की अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती, १७९१ची, बोलण्यावर बंधन घालणारा कायदा करायला संसदेला मनाई करते. आपली पहिली घटनादुरुस्ती बंधनांची कारणं वाढवते. समाजमाध्यमांवर ‘फर्स्ट अमेंडमेंट’च्या नावानं शड्डू ठोकणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घेतलेलं बरं. पण त्या १९५१च्या दुरुस्तीनं एक छोटा शब्दही आत आणला : ‘वाजवी’. मूळ १९(२) मध्ये तो नव्हता. पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं कोर्टात जी लढाई झाली, ती बव्हंशी या एका विशेषणाच्या जिवावर.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ यादीत आली म्हटल्यावर प्रश्न मिटला असं वाटेल. तो तिथंच सुरू झाला, कारण कुठल्याही भांडणाला सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणता येतं. याचं उत्तर १९६५ मध्ये राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दिलं. (हिदायतुल्ला नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयात वकिली केली आणि पुढे तिथंच मुख्य न्यायमूर्ती झाले.) एकात एक तीन वर्तुळं काढा, असं ते म्हणाले. सर्वांत मोठं वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि अगदी आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे भांडले तर बाहेरच्या वर्तुळातली घडी बिघडते. पोलिसांनी त्यांना उचलावं, पण त्यानं सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं होत नाही. गावाचं, समाजाचं जगणं विस्कटेल असं काही घडू पाहत असेल, तेव्हा आतल्या वर्तुळाची वेस ओलांडली जाते. आता पालघरच्या त्या चार ओळी या वर्तुळांत ठेवून पाहा. बाहेरच्या वर्तुळातसुद्धा त्यांना धड जागा मिळत नाही.

कलम ६६अ विरुद्ध न्यायालयात सर्वांत आधी गेली ती श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी, आणि निकाल तिच्याच नावानं ओळखला जातो. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांचं पीठ. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं. शंभरावर पानांच्या त्या निकालाचा कणा तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी चर्चेची, दुसरी एखाद्या मताचा पुरस्कार करण्याची, तिसरी चिथावणीची. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं बोलणं कुणाला कितीही झोंबो, घटना त्याच्या पाठीशी उभी असते. बोलणं तिसऱ्या पायरीवर पोचलं, म्हणजे त्यातून प्रत्यक्ष काही विपरीत घडण्याचा निकटचा संबंध दिसला, तरच राज्याला हात घालता येतो. ६६अ मध्ये ही पायरीच नव्हती. संदेश एकालाच पाठवलेला असो की लाखांना, त्यातून दंगा होण्याची शक्यता असो की नुसतं कपाळावर आठी पडण्याची, गुन्हा तोच.

चिथावणीवर इतका भर का, हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावलं होतं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे निव्वळ प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! स्वतंत्र भारतात १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राजद्रोहाचं कलम टिकवलं खरं, पण हा अर्थ बाजूला सारून. हिंसेला किंवा बेबंदशाहीला चिथावणी देण्यापुरतंच ते आकसलं. प्रेम करायची सक्ती गेली.

६६अ चा दुसरा दोष संदिग्धपणाचा, आणि माझ्या मते तोच अधिक वाईट. ‘घोर आक्षेपार्ह’ म्हणजे नेमकं काय? चोरी म्हणजे काय हे चोराला कळतं, पोलिसालाही कळतं. ‘त्रास’ मात्र ज्याचा त्याचा. या कलमाचे शब्द मुळात १९३५च्या इंग्लंडमधल्या टपाल खात्याच्या कायद्यातून घरंगळत आले होते; टेलिफोनवरून ऑपरेटर मुलींना छळणाऱ्यांसाठी ते लिहिले गेले होते. तिथल्या न्यायाधीशांनाही या शब्दांनी घाम फोडला. निकालपत्रात तिथली दोन प्रकरणं आली आहेत. एकात खालच्या कोर्टांना जे घोर आक्षेपार्ह वाटलं नाही, ते वरच्या कोर्टाला वाटलं. दुसऱ्यात, विमान रद्द होणार या वैतागात एकानं विमानतळ उडवून देण्याची गमतीची धमकी ट्विटरवर लिहिली. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, वरच्यानं सोडलं. तेच शब्द, तोच मजकूर, आणि मुरलेल्या न्यायाधीशांची मतं उलटसुलट. मग रात्रपाळीच्या ठाणे अंमलदारानं ते कसं ठरवायचं? आणि लिहिणाऱ्यानं कुठं थांबायचं?

तो थांबतो. खरा तोटा तिथं आहे. रेघ नक्की कुठे आहे ते कळेना, की माणूस रेघेच्या पुष्कळ अलीकडेच उभा राहतो. ज्याला बोलण्याचा पूर्ण हक्क आहे तोही धसका घेऊन पोस्ट पुसून टाकतो, आणि अशा पुसलेल्या पोस्टची नोंद कुठल्याच गुन्ह्याच्या आकडेवारीत होत नाही. कायदा इतका पसरट लिहिला, की सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून जे बोलणं रोखता येतं आणि जे रोखता येत नाही, ते दोन्ही एकाच जाळ्यात ओढणारा कायदा कोर्ट पूर्णच रद्द करतं. ‘त्याचा योग्य तेवढाच भाग वापरा’ असं सांगून सोडून देत नाही.

सरकारनं बचावात दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या आजही नव्या नियमांच्या वेळी ऐकू येतात. पहिली : आम्ही हे कलम जपून वापरू. न्यायालयाचं उत्तर साधारण असं, की सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र राहतं. आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही. दुसरी : इंटरनेट हे माध्यमच निराळं, क्षणात जगभर पोचतं, म्हणून नियमही कडक हवेत. हा मुद्दा कोर्टानं धुडकावला नाही, नीट दोन तुकडे करून पाहिला. ऑनलाइन घडणारे काही गुन्हे वेगळे असतात, त्यांच्यासाठी वेगळा कायदा जरूर करा. पण माध्यम बदललं म्हणून आठ कारणांची यादी लांबत नाही. जे छापायला मोकळीक आहे ते पोस्ट करायलाही आहे.

आता यादीत नसलेल्या दुसऱ्या एका कारणाकडे येऊ, कारण ते ‘त्रासा’पेक्षा कितीतरी भारदस्त दिसतं : जनहित. जनहितासाठी बोलण्यावर थोडी बंधनं घातली तर बिघडलं कुठे? याचं उत्तर पुण्याच्या ‘सकाळ’नं मिळवून दिलं आहे. १९६० मध्ये केंद्र सरकारनं वर्तमानपत्रांसाठी किंमत आणि पानांचा आदेश काढला : इतक्या पानांच्या अंकाला इतकी किमान किंमत. हेतू चांगला सांगितला होता, छोट्या पत्रांना मोठ्यांपासून वाचवण्याचा. ‘सकाळ’ न्यायालयात गेला. पानं कमी करा नाहीतर किंमत वाढवा. एकात मजकूर कमी होतो, दुसऱ्यात वाचक. सर्वोच्च न्यायालयानं आदेश रद्द केला. धंद्याच्या स्वातंत्र्यावर जनहितासाठी निर्बंध घालता येतात, तसं १९(६) मध्ये लिहिलंच आहे. पण १९(२) मध्ये हा शब्द नाही. वर्तमानपत्र हा धंदाही आहे म्हणून धंद्याच्या दारातून शिरून भाषणाला हात लावता येणार नाही. अभिव्यक्तीत नुसतं काय म्हणायचं एवढंच येत नाही, किती जणांपर्यंत ते पोचावं हेही येतं, हा त्या निकालाचा दुसरा धडा. आज एखादी पोस्ट न काढता तिची पोच गुपचूप कमी करायला सरकारनं सांगितलं, तर साठ वर्षांपूर्वीचा हा छापील कागदाचा निकाल उघडावा लागेल.

यादीत नसलेलं तिसरं कारण ऐकून पुष्कळांना धक्का बसतो : खोटं. नुसतं खोटं बोलणं हे १९(२) मधलं कारण नाही. खोट्यानं कुणाची अब्रू गेली, दंगल भडकली, फसवणूक झाली, तर त्यासाठी कायदे आहेत. खोटं म्हणून खोटं रोखण्याची सोय नाही. घटनाकारांना खोट्याचा पुळका होता असं नव्हे. खरं काय हे सरकारनं ठरवायचं म्हटलं, की सरकारवर टीका करणाऱ्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडाही सरकारच करणार.

नेमकं हेच २०२३ मध्ये समोर आलं. एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली : केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल जे काही खोटं, बनावट किंवा दिशाभूल करणारं आहे असं सरकारचाच तथ्यतपासणी विभाग म्हणेल, ते समाजमाध्यम कंपन्यांनी काढावं, नाहीतर त्यांचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्डसह काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं परस्परविरुद्ध पडली. मार्चमध्ये सरकारनं तो विभाग अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मग तिसरे न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. खोटं, बनावट, दिशाभूल करणारं या शब्दांची व्याख्याच नाही. १९(२) मध्ये त्यांना आधार नाही. आणि आपल्याच कारभाराबाबत आपणच पंच होता येत नाही. शिवाय छापील वर्तमानपत्रात तीच माहिती आली तर ही चाळणी नाही, फक्त डिजिटलला का? इथं ६६अ चेच धागे पुन्हा दिसतात : संदिग्ध शब्द, यादीबाहेरचं कारण, माध्यमानुसार वेगळी फूटपट्टी.

अब्रुनुकसानीबद्दल थोडक्यात. ती यादीत आहे, आणि ती फौजदारी गुन्हा असणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं. मला तो निकाल पटत नाही, पण कायदा आज तोच आहे.

शिक्षेपेक्षा आता पोस्ट अडवण्याचं काम जास्त चालतं, आणि तिथं घटनेची पकड सैल पडलेली दिसते. ६६अ रद्द करणाऱ्याच निकालानं ६९अ मात्र टिकवलं. या कलमाखाली केंद्र सरकार मजकूर ब्लॉक करू शकतं. टिकलं का? कारणं यादीतलीच आहेत, किंबहुना यादीपेक्षा कमी, कारणं लेखी नोंदवावी लागतात, समिती असते, मजकूर लिहिणाऱ्याला किंवा मध्यस्थ कंपनीला (म्हणजे तो जिथं टाकला त्या समाजमाध्यमाच्या कंपनीला) नोटीस द्यावी लागते. वाचायला छान. अडचण त्या ‘किंवा’मध्ये आहे. नोटीस कंपनीला गेली की काम भागतं, आणि लिहिणाऱ्याला सकाळी उठून कळतं की आपलं खातं भारतात दिसत नाही. त्यात २००९च्या नियमांमध्ये एक नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवायच्या. कारणं लेखी आहेत म्हणून त्यांना कोर्टात आव्हान देता येईल, असं निकाल म्हणतो. ती कारणं पाहायलाच मिळाली नाहीत तर आव्हान द्यायचं कशाला, हे मात्र मोघम राहिलं.

दुसरी वाट कलम ७९ची. इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरलं जात नाही, पण बेकायदा मजकुराची रीतसर सूचना मिळूनही तो काढला नाही तर हे संरक्षण जातं. २०१५च्या निकालानं इथं अट घातली : सूचना म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, आणि तीही १९(२)च्या चौकटीत. कुणाही सोम्यागोम्याच्या पत्रावर कंपनीनं न्यायाधीश व्हायचं नाही. गेल्या काही वर्षांत सरकारनं ‘सहयोग’ नावाचं पोर्टल उभारून याच कलमाखाली वेगवेगळ्या यंत्रणांमार्फत सूचना पाठवायला सुरुवात केली. ‘एक्स’ कंपनीनं त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. एकोणिसावा अनुच्छेद नागरिकांना हक्क देतो, परदेशी कंपनीला नाही, हा तिथला एक मुद्दा होता. कायद्याच्या भाषेत तो चुकीचा नाही. पण मग ज्याचा हक्क आहे त्या नागरिकाला नोटीस नाही, आणि ज्या कंपनीला नोटीस आहे तिला हक्क नाही, असा हा तिढा.

आख्खं इंटरनेटच बंद करणं हा त्यापुढचा प्रकार. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये ते बंद झालं. अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात, १० जानेवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं दोन्हीला घटनेचं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. तत्त्वं चोख. पण त्या दिवशी कोर्टानं इंटरनेट सुरू करायला लावलं नाही. सरकारनं फेरविचार करावा इतकंच सांगितलं. फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

तत्त्व आणि ठाणं यांच्यातलं हे अंतर ६६अ च्या बाबतीत तर हास्यास्पद झालं. २०१५ मध्ये रद्द झालेल्या कलमाखाली पोलिस पुढची कित्येक वर्षं गुन्हे नोंदवतच राहिले. जुलै २०२१ मध्ये हे समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयानं आश्चर्य व्यक्त केलं, तेव्हा ॲटर्नी जनरलनी सांगितलेलं कारण ऐकण्यासारखं आहे : कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटीपेत असतं. तळटीप कोण वाचतो? ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश काढावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. २०१५च्या त्याच निकालानं केरळच्या पोलिस कायद्यातलं असंच एक कलमही उडवलं होतं. २०२० मध्ये केरळ सरकारनं त्याच्या जागी त्याच वळणाचा वटहुकूम आणला आणि गदारोळ झाल्यावर आठवड्याच्या आत मागे घेतला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाचं प्रकरण याच रांगेतलं. त्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलं होतं की अनुच्छेद ३७० हटवल्याचा दिवस, ५ ऑगस्ट, हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे. शिवाय १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. दोन गटांत तेढ वाढवल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देणं यात तेढ नाही, असं न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी म्हटलं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं. त्यावरचा गुन्हा पुसायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

त्या निकालात एक जुनी मोजपट्टी पुन्हा बाहेर काढली आहे, आणि तीही नागपूरची. १९४६ मध्ये भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं होतं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, विचारी माणसावर होईल त्यावरून. ज्याला जिथं तिथं संकट दिसतं अशा डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे. अमुक पोस्टनं कुणाच्या तरी भावना दुखावल्या, एवढ्यावर गुन्हा उभा राहतो की नाही, याचं उत्तर या मोजपट्टीत आहे. कारण दुखावला जाणारा कुणीतरी नेहमीच सापडतो. हल्ली तर शोधावाही लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये याच दोन न्यायमूर्तींनी खासदार इम्रान प्रतापगढी यांनी ‘एक्स’वर टाकलेल्या एका कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला, तेव्हा बोलण्यालिहिण्यावरच्या गुन्ह्यांसाठी एक कामाची गोष्ट सांगितली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कलम १७३(३) आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिस उपअधीक्षकाच्या परवानगीनं गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषणावरून तक्रार आली तर ही सवड नेहमी वापरावी, म्हणजे शब्द आधी वाचले जातील आणि मग गुन्हा लिहिला जाईल, असं न्यायालयाचं म्हणणं. पोस्टवरून ठाण्यातून फोन आला तर वकिलाला पहिलं विचारायचं ते हेच : १७३(३)ची चौकशी झाली का?

तेढ वाढवण्याचं कलम या सवडीत बसतं. राजद्रोहाचं जुनं कलम मे २०२२ पासून न्यायालयानं स्थगित ठेवलं होतं. जुन्या दंड संहितेऐवजी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागेवर कलम १५२ आलं, सार्वभौमता आणि एकात्मता धोक्यात आणण्याचं. त्यात ‘इलेक्ट्रॉनिक माध्यमातून’ असे शब्द मुद्दाम घातले आहेत, आणि शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. चौदा दिवसांची सवड तिथं लागू होत नाही.